मेलेल्या शास्त्र्याचं हस्ताक्षर

रुईच्या झुडपाला जनावर तोंड लावत नाही.

रेडिओवर नाटक लागलं. लेखकाचं नाव आलं: आपल्याच गावचा, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला, नुकताच वारलेला कडूबा. पारावर कुणी टाळी वाजवली नाही.

शास्त्रीबुवांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पत्रिका मांडण्यापलीकडे त्यांनी कधी काही लिहिलं नव्हतं.

गळा सुजून, तोंडाला फेस येऊन बैल पडू लागले.

या चार गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. बद्रीनाथबाबाने तो लावला.

*

१९७४चा उन्हाळा. वडीगोद्रीपलीकडचं गाव. नाव लिहीत नाही. तुम्ही तुमच्या गावाचं घाला.

पारापुढे भर उन्हात अख्खं गाव. धुनीपुढे बाबा डोळे पांढरे करून घुमत होता.

"कोन हाय अंगात?" साहेबराव पाटलांनी विचारलं.

"मी शास्त्री. ती नाटकं माझी आहेत. कडूबाचा मी नुसता हात वापरला."

"तरीच!" म्हस्कू धनगर म्हणाला. "मी म्हनून राह्यलो, वस्तीतल्या मान्साला एवढं सुचतं कसं?"

सगळ्यांना एकदम बरं वाटलं.

बाबाने डावा हात पुढे केला. कोरा. काल सगळ्यांनी पाहिलं होतं, तशीच आजही त्यावर धुनीतली राख चोळली, फुंकर मारली. हातावर काळी अक्षरं उमटली: माझे मला द्या.

गर्दी मागे सरली.

"माझं नाटकांचं बाड गोदावरीत सोडा. दिवस मावळायच्या आत. नाहीतर गुरांमागून माणसं."

*

बाड कडूबाच्या बायकोच्या, गोपिकाबाईच्या, छातीशी होतं. सकाळपासून पोरं बाडावर डोळा ठेवून घराभोवती घिरट्या घालत होती, म्हणून तिने ते सोबत आणलं होतं. रेडिओवरचं एक नाटक सोडलं, तर बाकीच्यांची दुसरी प्रत नव्हती.

"गोपिका, दे ते," पाटील म्हणाले. "गावाच्या जिवावर उठू नको."

दोघंजण काठ्या घेऊन तिच्या बाजूला उभे राहिले.

"देते, पाटील. आधी शास्त्र्याला पुरतं बोलू द्या."

बाबा खूश झाला. आवाज चढवून म्हणाला, "राख ही रानाची, आण ही प्राणाची..."

"न्हाई ज्याला पटत, त्याची गाय आटत!" पुढची ओळ गोपिकाबाईनेच म्हटली. "मंग डावा पाय आपटायचा."

बाबाचा डावा पाय वरच राहिला.

कुणीतरी हसलं.

"हे माझ्या मालकाच्या नाटकातलं हाय. 'उदीचा खेळ'. त्यातल्या लबाड बुवाचं बोलनं. बद्री, आमच्या नाटकाच्या पार्टीत पडदा ओढत होतास न्हाई का तू? दाढी वाढली, नक्कल तीच."

"खोटं! शास्त्र्याचं अक्षर उमटलं ना!" बाबा ओरडला.

तेव्हा शाळेतल्या आशाबाई पारावर चढल्या. त्यांनी उघड्या हातावर धुनीतली राख चोळली. अक्षरं आली: कडूबा.

"बाई, तुमच्या अंगात कोन आलं?" म्हस्कूने हात जोडले.

"कुणी नाही. रुईचा चीक आहे. काडीने लिहायचं, वाळू द्यायचं. वाळला की दिसत नाही, राख मात्र बरोबर धरतो. गोपिकाबाईंनी सकाळी लिहून दिलं. नाटकात असंच करायचे. चीक कातडीला बाधतो. बाबांचा हात बघा."

बाबाच्या हातावर लाल पुरळ होतं. तो खाजवत होता.

"बैलांना घटसर्प झालाय," आशाबाई म्हणाल्या. "लस अंबडच्या दवाखान्यात आहे. शास्त्रीबुवांकडे नाही."

बाबा धुनी तशीच टाकून निघाला. कुणी अडवलं नाही. काठ्याही कुणी खाली ठेवल्या नाहीत.

"ते समदं खरं, बाई," म्हस्कू हळूच म्हणाला. "पन कडूबाला एवढं सुचलं कसं?"

गोपिकाबाईने बाड आणखी घट्ट धरलं.

*

वाचकहो, चीक साबणाने जातो. म्हस्कूचा प्रश्न जात नाही. उद्या दुसरा बाबा येईल, दुसरी राख आणील. हात नंतर तपासा. तो सांगेल ते खरं असावं असं आपल्याला का वाटतं, हे आधी तपासा.

'उदीचा खेळ' १९६९ साली याच गावात झाला होता, वस्तीच्या चौकात, फुकट. पाराकडून कुणी आलं नव्हतं.