चार घासांची साक्ष

कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात मेथीच्या जुड्या बांधताना ती केळीच्या सोपटाचा धागा दातांनी तोडायची, आणि त्या तुटण्याचा जो बारीक कोरडा आवाज व्हायचा, तो इतक्या वर्षांनी कुठे कानी पडला तरी माझ्या काळजात चर्र होतं. दवात भिजलेली तिची बोटं, त्यांना लागलेला हिरवा कडसर वास आणि पूर्वेकडून मळ्यावर उतरणारा तो निर्मळ पिवळा प्रकाश, यांतूनच तिची मूर्ती माझ्या मनात उभी राहते. नर्मदा तिचं नाव. ती माझी थोरली जाऊ. मी तिला मोठ्याबाई म्हणायची.

चिखलीपासून कोसभर आमचा भाजीचा मळा. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, पण आमच्या विहिरीवर अजून चामड्याची मोटच चालायची. थोरले दीर बैल हाकायचे, मोटेचं पाणी धो धो थारोळ्यात कोसळायचं आणि मोठ्याबाई पदर खोचून वाफ्याकडे धावायची. तिचं चालणंच मुळी धावणं होतं. लग्नाला अठरा वर्षं होऊनही तिची कूस उजवली नव्हती, पण त्या रितेपणाची कटुता तिच्या वाणीत कधी उतरली नाही. मला दिवस गेले तेव्हा घरातला सगळ्यात मोठा सण तिनेच केला. मला सासरी आई मिळाली होती, दुसरं काय म्हणू?

सगळ्यांची जेवणं उरकली की आम्ही दोघी चुलीपाशी बसायचो. आमच्या ताटांकडे पाहणारं तिसरं माणूस तिथे नसायचं. ती चार घास खायची आणि उरलेली भाकरी माझ्या ताटात सारायची. "खाय वं कमल, तुले दोन जिवांचं खा लागते." मी मेली अशी हावरी, की मुकाट्याने खायची. तिच्या गळ्यापाशी हाडं वर येऊ लागली होती, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, आणि मी मात्र तिच्या मायेने तृप्त होऊन निजत होते. त्यातच तिने सोमवारच्या जोडीला गुरुवार धरला, मग शनिवारही. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, "आमच्या नर्मदीची भक्ती वाढून राह्यली." अहो, भक्ती कसली! उपवासाच्या दिवशी तिला कुणी जेवायचा आग्रह करत नसे, एवढंच.

मार्गशीर्षात एका सकाळी ती वांग्याच्या वाफ्याआड ओकताना मला दिसली. मी धावत गेले. तिने पदराने तोंड पुसलं, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "चार घासात गळ्यापर्यंत भरल्यावानी होते वं. पुढं काई उतरत नाही." मी घरात सांगायला वळले, तशी तिने माझ्या पोटावर हात ठेवला. "तुह्या पोटातल्या लेकराची शपथ हाय तुले. कोणाले सांगू नोको. माही माय दवाखान्यात गेली ते परत आली नाही. तुह्यं बाळंतपण माह्या हातानं होऊ दे, मंग पाहू."

भीती म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळलं. बोलावं तर पोटातल्या जिवाला काही होईल, आणि न बोलावं तर हे समोरचं माणूस डोळ्यांदेखत झिजत जाईल. कुणी सहज हाक मारली तरी मी दचकायची, पोटात बाळ फिरलं तरी आनंदाआधी धास्तीच वाटायची. दोन महिने मी गप्प राहिले.

माघात ती भर बाजारात भाजीच्या टोपलीशेजारी भोवळ येऊन पडली. चिखलीच्या डॉक्टरांनी विचारलं, जेवण जातं का? ती हसून म्हणाली, "जाते नं, पोटभर." त्यांनी आम्लपित्ताचं खडूसारखं पांढरं औषध दिलं, आठवड्याने पोट दाबून पाहिलं, हाताला काही लागलं नाही, तरी तिचं वजन पाहून त्यांचं समाधान होईना. त्यांनी तिला अकोल्याला पाठवलं. तिथे एक दाट पांढरं पेय पाजून पोटाचे फोटो काढले. व्रण नाही, गाठ नाही, असं तिथल्यांनी लिहून दिलं. घरात साखर वाटली. थोरले दीर कधी नव्हे ते मोट हाकताना गाऊ लागले, आणि त्यांचा तो सुखावलेला आवाज ऐकून मला मळ्यात उभं राहवेना.

फोटो दाखवायला आम्ही सगळेच चिखलीला गेलो. खिडकीतून दुपारचा लख्ख उजेड आत येत होता. डॉक्टरांनी कागद वाचला, मान डोलावली आणि जाता जाता विचारल्यासारखं विचारलं, "जेवण कधीपासून कमी झालंय?" दीर आत्याबाईंकडे पाहू लागले, आत्याबाई दिरांकडे. त्या घरात तिच्या हातचं सगळे जेवले होते, पण तिला जेवताना कुणी पाहिलंच नव्हतं. मोठ्याबाईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत धाक नव्हता, विनवणी होती. माझ्या पोटात बाळाने जोराने लाथ मारली. मी दाराची चौकट घट्ट धरली आणि सगळ्यांसमोर बोलले, "चार घास खातात, डॉक्टरसाहेब. दिवाळीपासून. चार घासांत पोट भरतं म्हणतात."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी ते सगळे फोटो पुन्हा काढले, खिडकीच्या काचेवर एकाशेजारी एक धरले आणि एकेकावरून बोट फिरवत गेले. मग सावकाश म्हणाले, "प्रत्येक फोटोत पोटाचा आकार एकच आहे. निरोगी पोट असं स्थिर राहत नाही. ते हलतं, फुगतं, आवळतं." कर्करोगाचा हा एक विरळा प्रकार असू शकतो, म्हणाले, त्याची गाठ होत नाही, व्रण दिसत नाही, तो पोटाच्या भिंतीतच पसरत जातो आणि सगळी पिशवी आखडते. दिरांना समजेना, म्हणून डॉक्टरांनी विचारलं, मोट बरेच दिवस कोरडी पडली तर चामडं कसं होतं? दीर म्हणाले, "वाळते. लाकडावानी ताठ होते." मग थोडं थांबून, अगदी आशेने म्हणाले, "पण तेल चोळलं का मऊ पडते साहेब ते. याच्यावर तेल नाही का काई?" डॉक्टरांनी फोटो गोळा केले आणि पोट उघडून पाहावं म्हणून अकोल्याला चिठ्ठी लिहायला घेतली.

अकोल्याला पोट उघडलं आणि काही करण्यासारखं नाही म्हणून तसंच शिवलं. भिंतीचा एक तुकडा तपासायला मुंबईला गेला, आणि उत्तर येईपर्यंतच्या त्या दिवसांत आम्ही पोस्टमनची सायकल दिसली तरी घरात शिरायचो. उत्तर आलं, चिखलीच्या डॉक्टरांचं निदान खरं निघालं होतं. मला तिच्यासमोर जायचं धैर्य नव्हतं. शेवटी तिनेच हाक मारली. "इकडं ये. काऊन तोंड लपवून राह्यली?" मी तिच्या पायाशी कोसळले, शपथ मोडली म्हणून हमसून रडले. तिने आपला काटकुळा हात माझ्या पोटावर ठेवला. "मोडली नाही वं, मीच सोडली. सुटली म्हण." मी 'सुटली' म्हटलं. तिने मला तीनदा म्हणायला लावलं.

वैशाखात माझी लेक झाली. मोठ्याबाईला उठवत नव्हतं, पण शेजारच्या बाजेवर पडल्या पडल्या ती सुईणीला बोलत होती, "अवं, हळू धर, भोपळा हाय का तो?" न्हाऊमाखू घातलेली लेक तिच्या कुशीत ठेवली, तेव्हा खिडकीतलं ऊन दोघींच्या अंगावर होतं. ज्येष्ठात ती गेली. शेवटी तर पाण्याचा घोटही तिच्या घशाखाली उतरत नव्हता.

पुढे लेकीला देवीची लस टोचायला घेऊन गेले, तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, मी दोन महिने आधी बोलले असते तर? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. "हा रोग कळतो तेव्हाच उशीर झालेला असतो, बाई. काही फरक पडला नसता." ते खरं बोलले, की माझ्या मांडीवरची तान्ही पाहून त्यांना दया आली? पुन्हा विचारायची मला भीती वाटली. मग ते डॉक्टर गेले, दीर गेले, आत्याबाई गेल्या. मोठ्याबाई थोरली असूनही अडतिसाव्या वर्षी तिथेच थांबली आणि मी धाकटी सत्तरी ओलांडून पुढे आले. एवढी सगळी वर्षं सरली; ते दोन महिने तेवढे अजून सरत नाहीत.