लाल फडक्यातलं पुडकं

"हात लावू नका कोणी," टिळेकर म्हणाले. तसंही कोणी लावत नव्हतं.

बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीच्या फाटकाशी, कचऱ्याच्या पिंपांजवळच्या कट्ट्यावर एक पुडकं होतं. नारळाएवढं, लाल कापडात गुंडाळलेलं, वर सुतळीची गाठ. सकाळचे साडेसात वाजले होते. सोसायटीचे सेक्रेटरी रामदास टिळेकर, दुसऱ्या मजल्यावरच्या दुर्गाबाई आणि हिंजवडीला नोकरीला असलेला सौरभ असे तिघे चार हात लांब उभे होते. सौरभची कंपनीची बस चुकत होती, तरी तो हलत नव्हता.

"तिसरं आहे हे," दुर्गाबाई म्हणाल्या. "मागच्या सोमवारी फुलं तोडायला उतरले तेव्हा असंच होतं. पूजा आटोपून गॅलरीत येते तो गायब. ठेवतं कोण आणि नेतं कोण?"

"कुत्रं नाही एवढं नक्की," टिळेकर म्हणाले. "कुत्र्याला सुतळीची गाठ येत नाही."

"चेष्टा नको. आमच्या जयाचं ठरलेलं लग्न मोडलं, ते त्याच आठवड्यात."

"पण काकू, मुलगा अमेरिकेला गेला म्हणून मोडलं ना?" सौरभ म्हणाला.

"तोच नेमका तेव्हा का गेला, ते सांग."

सौरभचा नवाकोरा कॉम्प्युटरही त्याच आठवड्यात बंद पडला होता. कंपनीत तो हे कोणाला सांगणार नव्हता, पण इथे उभं राहून त्याच्या मनात तेच चाललं होतं.

तेवढ्यात कचरा न्यायला सरुबाई ढकलगाडी घेऊन फाटकातून आत आली. तिच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. लाल. तिघांनीही आधी अंगठ्याकडे पाहिलं, मग कट्ट्यावरच्या पुडक्याकडे. कापड एकच होतं.

"अंगठ्याला काय झालं?" टिळेकरांनी विचारलं.

"काच लागली. फुटकी ट्यूब हुती पिंपात."

"आणि हे कापड कुठलं?"

"मिळालं."

"कोणी दिलं?"

सरुबाईने गाडीच्या दांड्यावरचा हात घट्ट केला.

"पिंपांजवळ तुमच्याशिवाय कोणी येत नाही," टिळेकर शांतपणे म्हणाले. "मी आरोप करत नाही. पण उद्यापासून आपण येऊ नका. आम्ही दुसरी व्यवस्था बघतो."

सरुबाईची नजर एकदाच फाटकाकडे गेली. दुधाच्या पिशव्या घेऊन हिंमतराव गणवीर आत येत होते. तिने लगेच नजर काढून घेतली आणि गाडी वळवायला लागली. ती नजर कशी काढून घेतली, ते हिंमतरावांना दिसलं. पुढचं त्यांना कोणी सांगायची गरज उरली नाही.

हिंमतराव येरवड्याच्या एका शाळेत बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत परिचर होते. शिकवायचं काम मास्तरांचं. यांचं काम नळ्या धुवायचं, बाटल्या भरायचं, लेबलं चिकटवायचं. ॲसिडच्या बाटलीला लाल लेबल. तापमापी फुटून पारा सांडला, की मुलं ते चकचकीत मणी बोटांनी पकडायला धावत. "थांबा. आधी नुसतं बघा," असं म्हणत ते मुलांना एक एक पाऊल मागे घेत आणि पाऱ्यावर गंधकाची पूड टाकत. बत्तीस वर्षांत त्यांच्या खोलीत एकाही मुलाला इजा झाली नव्हती. ही गोष्ट कुठल्या रजिस्टरात लिहिलेली नव्हती, पण त्यांना ती पाठ होती.

तीन आठवड्यांपूर्वी सरुबाईचा अंगठा कापला, तो त्यांनीच धुऊन बांधला होता, लाल पडद्याच्या तुकड्याने. त्याच दिवशी त्यांनी सूचना फलकावर कागद लावला: फुटक्या ट्यूब, सेल, तापमापी, ढेकणांच्या औषधाच्या बाटल्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत, वेगळ्या द्याव्यात. संध्याकाळपर्यंत खाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'प्रयोगशाळा रिटायर झाली आहे.'

मग ते स्वतःच सहाला खाली उतरू लागले. हातमोजे घालून पिंपातलं धोक्याचं तेवढं बाजूला काढायचं, कागदात गुंडाळून लाल कापडात बांधायचं, कट्ट्यावर ठेवून दूध आणायला जायचं आणि येताना वर न्यायचं. गॅलरीत झाकणाचं पिंप होतं. शाळेतले एक जुने सर आता कारखान्यात होते. तिथून घातक कचऱ्याची वेगळी गाडी जाई, तिच्यात ते पिंप पाठवू म्हणाले होते. सरुबाईला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "लाल दिसलं की हात लावायचा नाही." आज दुधाची गाडी उशिरा आली.

अकरा वर्षांपूर्वी फ्लॅट घेताना टिळेकरांनी विचारलं होतं, "गणवीर म्हणजे मूळचे कुठले?" हिंमतराव म्हणाले होते, "भंडाऱ्याचे." टिळेकर म्हणाले, "तसं नव्हे." पण पुढे काही विचारलं नव्हतं. तेव्हापासून कोणाला काही विचारावं लागू नये अशा बेताने हिंमतराव राहत आले होते.

"थांबा, सरुबाई," ते म्हणाले. "पुडकं माझं आहे."

त्यांनी दूध कट्ट्यावर ठेवलं, खिशातले हातमोजे घातले आणि गाठ सोडली. दुर्गाबाई दोन पावलं मागे सरल्या.

आत चार सेल होते, औषधाची रिकामी बाटली, ट्यूबची दोन टोकं आणि प्लॅस्टिकच्या डबीत फुटकी तापमापी. डबीवर बॉलपेनने नाव लिहिलेलं होतं. हिंमतरावांनी ती बाजू तळहाताकडे वळवली आणि मगच डबी वर धरली. पण टिळेकरांना आपलं अक्षर ओळखू आलं होतं. ते नंतर कट्ट्याकडेच बघत राहिले.

"हा पारा आहे," हिंमतराव म्हणाले. एकाच वर्गाला तिसऱ्यांदा सांगावं तसे, न चिडता. "थेंबच आहे. पण त्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही. ही बाई दिवसभर त्यात हात घालते."

"काका, मग सगळ्यांना कळवायचं ना," सौरभ म्हणाला.

"फलकावर लावलं होतं."

सौरभ एकदम घड्याळ बघायला लागला.

"हे सगळं खरं धरलं," दुर्गाबाई म्हणाल्या, "तरी लालच कशाला? लाल फडक्यात बांधून काय ठेवतात, माहीत नाही होय तुम्हाला?"

"नाही. धोक्याला लाल, एवढंच माहीत होतं." ते जरा थांबले. "वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली. तेव्हापासून घरात लिंबू चिरलं ते सरबतासाठीच. उतारा आमच्याकडे कधी कोणी बांधला नाही."

अकरा वर्षं न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं. टिळेकरांनी घसा साफ केला.

"सरुबाई येतील," ते म्हणाले. "गणवीर, आपण मात्र पिंपात हात घालू नका."

दुसऱ्या दिवशी फलकावर नवी सूचना लागली. 'घातक कचरा श्री. गणवीर यांच्या दाराशी ठेवावा. कोणत्याही कापडात चालेल, लाल सोडून. बेल वाजवू नये.'

शनिवारी दुपारी चारला हिंमतरावांनी नेहमीसारखं टेबल पुसलं. पांढरा कागद, त्यावर लोखंडाचा कीस, शेजारी नालाच्या आकाराचं लोहचुंबक. चौथ्या मजल्यावरची सृष्टी आणि तिच्या दोन मैत्रिणी दर शनिवारी चारला येत. साडेचार झाले. दाराबाहेर पावलं वाजली, काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला आणि पावलं परत गेली. बाहेर वर्तमानपत्रातली तीन पुडकी होती. ती त्यांनी पिंपात ठेवली, हात धुतले.

पाचला बेल वाजली. दारात सरुबाई होती. अंगठा भरून आला होता. हातात ती लाल चिंधी होती, धुऊन घडी घातलेली.

"तुमची हाय. कामाला येईल म्हनून आणली."

"त्या दिवशी माझं नाव का नाही सांगितलं?"

"माझं कामाचं एक घर गेलं आस्तं. तुमी कुठं गेला आस्ता?"

हिंमतरावांनी चिंधी घेतली. "बसा," ते म्हणाले. "लोहचुंबक बघितलंय कधी?"

सरुबाई हसली. तिने कमरेच्या पिशवीतून मोडक्या स्पीकरमधलं काळं, बांगडीएवढं लोहचुंबक काढलं. त्याला दोरी बांधलेली होती. "ह्यानंच तर खिळं येचते," ती म्हणाली, "तुमचं लई बारकं हाय."

समोरच्या फ्लॅटचं दार वीतभर उघडलं होतं. हिंमतरावांनी आपलं दार लावलं नाही. सरुबाईने टेबलापाशी येऊन कागदाची एक कड उचलली, दुसऱ्या हाताने आपलं लोहचुंबक खाली धरलं, आणि कागदावरचा सगळा कीस एका झटक्यात ताठ उभा राहिला.