बर्फात लू लागू नये म्हणून

हिमनदीवर तिघे गेले होते, दोघेच परत आले. असं काही घडलंच नाही, असं प्रफुल आणि रिनानं परतीच्या रेल्वेत चहा पिता पिता ठरवून टाकलं.

प्रफुलचं भद्रावतीत कूलर दुरुस्तीचं दुकान. ऐन मे महिन्यात, गिऱ्हाईकं घामानं आणि रागानं निथळत असताना, तो शटर ओढून बायकोसोबत उत्तराखंडात बर्फावर चालायला निघाला. लोकांना थंड करता करता आपण स्वतः कधी थंड झालोच नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

निघण्याआधी रिनाच्या माहेरी, सावली गावाला जाऊन सासूबाईंना सांगणं भाग होतं.

"हिमनदी म्हंजे नदीच ना?" बायनाबाईंनी विचारलं.

"बर्फाची आहे, आई. वरून चालता येते."

"मंग आपल्या वैनगंगेत उन्हाळ्यात चालता नाई येत काय जी?"

हे खरंच असल्यामुळे जावयानं बॅग उचलली. तेवढ्यात बाईंनी त्याच्या पँटच्या खिशात कांदा कोंबला. उन्हात निघालेल्या माणसाच्या खिशात कांदा असला की लू लागत नाही, हे आपल्याकडे डॉक्टरांनाही ठाऊक आहे.

"आई, तिथं बर्फ आहे!" रिना म्हणाली.

"बर्फावर ऊन नाई पडत काय?"

बसस्टँडवर रिनानं हुकूम सोडला, "फेका तो कांदा. लोक काय म्हणतीन?"

"फेकला," प्रफुल म्हणाला. फेकला नव्हता. सासूचा कांदा फेकायला जी छाती लागते, ती कूलरवाल्याकडे नसते.

हिमनदीवर गाईडनं बजावलं, "मेरे पाँव के निशान पे ही पाँव रखना." सगळे शहाण्यासारखे रांगेत चालले. मग रिनाला फोटो आठवला. मागचं शिखर पूर्ण यावं म्हणून ती रांग सोडून उलट्या पावली सरकू लागली. प्रफुलनं खिशातून फोन ओढला आणि फोनसोबत कांदाही बाहेर आला.

"हे काय?" रिना जागच्या जागी थांबली.

कांदा उतारावरून गडगडत तिच्या बुटाजवळून पुढे गेला. तिच्या मागे गुळगुळीत पांढरा बर्फ होता. त्यानं कांदा गपकन गिळला. मुठीएवढं भोक पडलं, मग कडा ढासळल्या, आणि रिनाच्या टाचेच्या वीतभर मागे निळी, खोल भेग उघडी पडली. कांदा तळाला पोचल्याचा आवाज काही आला नाही.

"भाभीजी, हिलना मत!"

गाईडनं पालथं पडून दोर टाकला, दोघांनी तिला ओढून घेतलं. रिनानं प्रफुलच्या जॅकेटमध्ये तोंड खुपसलं. मग मान वर करून ती म्हणाली,

"तुमी त फेकला म्हणले होते."

"आता फेकला."

दोघं इतकं हसले, इतकं रडले, की गाईडला वाटलं यांना उंचावरची विरळ हवा लागली.

सावलीला उतरल्या उतरल्या बायनाबाईंनी विचारलं, "कांदा कामी आला का जी?"

"कामी आला, आई," प्रफुल म्हणाला. याहून खरं तो सासुरवाडीत कधीच बोलला नव्हता. बाकीचं सांगितलं असतं, तर बाईंनी दोघांना वैनगंगेच्या पल्याडही जाऊ दिलं नसतं.

निघताना बाईंनी पुन्हा कांदा काढला. रिनानं आपली पर्स उघडून पुढे केली. "मले बी दे."

बसमध्ये तिचा हात घट्ट धरून प्रफुल सरकारी आवाजात पुटपुटला, "सविनय विनंती की, कर्तव्यावर असताना भेगेत कामी आलेल्या सदर कांद्यास मरणोत्तर शौर्यपदक देण्यात यावे, त्याच्या वारसांना फोडणीतून कायमची सूट मिळावी, आणि ही सर्व कार्यवाही सासूबाईंना न कळवता व्हावी."