थांबलेली मूस

“मोटार कुठंय?” मुंजाबानं विचारलं.

शिपाई बन्सी प्रयोगशाळेच्या दारातच घुटमळला. “सरांनी नेली. मांडवात त्यांचा फोटो फिरता ठेवायचाय म्हनं. म्या नाय कसं म्हनू?”

भट्टी तापलेली होती. तिच्यातली मूस मात्र मोटारीविना रात्रभर जागच्या जागी उभी होती. मुशीत वितळलेलं कथील, त्यात विरघळलेलं सिलिकॉन. भट्टी कित्येक दिवस हळूहळू थंड करत न्यायची, म्हणजे त्या द्रवातून एक मोठा स्फटिक वाढतो. तोवर मूस फिरती हवी, कधी जलद, कधी सावकाश. द्रव घुसळला गेला तरच स्फटिकाला सगळीकडून ताजा माल मिळतो. मूस थांबली, की वाढता स्फटिक कथलालाच पोटात घेतो.

या स्फटिकापायी मुंजाबा महिनाभर घरी, सोयगावला गेला नव्हता. आई, बानाबाई, डोळ्याच्या ऑपरेशनला शहरात आली, तेव्हाही तिच्या उशाशी शेजारीण बसली होती. आता ते सगळं त्याच्या डोक्यात चढलं. हातात पाना घेऊन तो तसाच मांडवात गेला.

विभागप्रमुख नानासाहेबांची आज साठी होती. फुलांनी सजवलेला त्यांचा फोटो पाहुण्यांसमोर गोल गोल फिरत होता.

“सर, मोटार काढून नेतो.”

“कार्यक्रम उरकू द्या,” नानासाहेब हळूच म्हणाले. “भट्टीला कुणी हात लावलेला नाही.”

“मूस थांबली की काय होतं, ते तुमच्याच वर्गात शिकलो मी.”

“मुंजाबा, पुढच्या महिन्यात तुमच्या कायम नेमणुकीची मुलाखत आहे. लोक बघतायत.”

“बघू द्या.”

त्यानं वायर उपटली. फोटो थांबला तो पाठ फिरवूनच. मुंजाबा खाली बसून एकेक बोल्ट सोडवत राहिला. सनईवाला वाजवायचा थांबला. मोटार काखोटीला मारून तो पाहुण्यांच्या मधूनच बाहेर पडला.

दुपारपर्यंत मूस पुन्हा फिरू लागली. जे बिघडायचं ते रात्रीच बिघडलं होतं.

भट्टी निवल्यावर त्यानं आम्लात बाहेरचं कथील उतरवलं. स्फटिक अंगठ्याएवढा निघाला, काळसर, आरशासारखा लखलखीत. विभागात एवढा मोठा पहिलाच. नानासाहेबांनी तो टेबलावर मागवून घेतला.

“झालं गेलं सोडा. परिषदेत हाच ठेवू. खाली दोघांची नावं. मुलाखतीचंही मी बघतो.”

मुंजाबानं स्फटिक उचलला आणि खाली नेला. हिऱ्याच्या करवतीला लावला. पाणी सोडलं. करवतीनं चीर सरळ घेतली.

दोन्ही तुकडे त्यानं नानासाहेबांसमोर ठेवले. कडेपासून थोडं आत कथलाचं पांढुरकं कडं होतं. त्या रात्रीचं. त्याच्या आतलं सगळं निर्मळ होतं.

“कशाला कापलात?” नानासाहेबांचा आवाज चढला. “वरून कुणाला दिसत होतं?”

“मला आतलं तुम्हाला दाखवायचं होतं.”

नानासाहेबांनी एक तुकडा उचलून खिडकीकडे धरला. उभी हयात त्यांनी असेच स्फटिक वाढवले होते. चष्मा वर सरकवून ते त्या कड्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“बसा,” शेवटी ते म्हणाले.

मुंजाबा उभाच राहिला.