डाव्या बाजूचा बुटका

मी आता जे सांगणार आहे त्यातलं निम्मं तुम्हाला थाप वाटेल, आणि उरलेल्या निम्म्यावर तर कुणाच्या बापाचा विश्वास बसणार नाही. तरीही फळीवरच्या नव्याकोऱ्या मित्रांनो, कान देऊन ऐका. तुम्ही बेअरिंगं अजून ग्रीसच्या कागदात आहात, ही साखळी अजून खोक्याबाहेर आलेली नाही. तुम्हाला काय ठाऊक जग कसं आदळतं ते!

सुरुवातीलाच दोन सूचना. तुमच्या फळीच्या टोकाला लाल हातमोजे ठेवलेत, त्यांच्यावर तेल सांडू नका. जिचे आहेत ती आली की विचारेल. आणि माझ्या शेजारच्या खिळ्यावर जो वाकडा टांगलाय, त्याचं मनावर घेऊ नका. इथे आल्यापासून तो एक अक्षर बोललेला नाही. शिष्ट आहे, दुसरं काय.

तर, मी एक जुना शॉकअप आहे. क्वाड नावाची एक गाडी असते. मोटारसायकलसारखं हँडल, पण चाकं चार, आणि तीही अशी जाड की म्हशीनं वाट सोडावी. तिच्या पुढच्या डाव्या चाकावर मी होतो आणि उजव्या चाकावर माझा जुळा भाऊ. पोटात तेल, तेलात दांडा, अंगाभोवती स्प्रिंग. कारखान्यात ती स्प्रिंग लालबुंद तापवून पिळली आणि थंड झाल्यावर माझ्या गळ्यात घातली. त्यानंतर एका यंत्राने मला जे बडवायला सुरुवात केली ते थांबेचना. जन्मल्या जन्मल्या मार! मी ओरडलो नाही म्हणून मला पास केलं. ओरडणारे भट्टीत परत गेले.

आमचा धंदाच तो. खालून बसेल तो दणका आपल्या पोटात घ्यायचा आणि वर बसलेल्याला कळू द्यायचं नाही. एवढंच काम. पण ते करता करता आयुष्य जातं, मित्रांनो.

वर बसायची ती टोळ. नाव तिचं वेगळं होतं, पण लहानपणी उड्या मारायची म्हणून बाबांनी टोळ म्हटलं आणि तेच चिकटलं. बाबा म्हणजे या शेडचे मालक, वेल्डिंग करणारे. तिचा थोरला भाऊ, दादा, गाड्या खोलायचा आणि जोडायचा. टोळ शर्यतीत पळवायची. तिघांचं मिळून एकच वेड, आणि त्या वेडाखाली आम्ही दोघे भाऊ.

एकदा मी असा काही उसळलो की क्वाड थेट विजेच्या तारेवर कावळ्यांच्या रांगेत जाऊन बसली. कावळ्यांनी सरकून जागा दिली. एकाने तर टोळला विचारलं, कुठल्या झाडाच्या तुम्ही? हसू नका. एका खड्ड्यात आम्ही इतके खोल गेलो होतो की तळाशी दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने शटर वर करून विचारलं, पंक्चर काढायचंय का? तिथूनही मी तिला वर आणलं, आणि तिच्या बाटलीतलं पाणीसुद्धा हिंदकळलं नाही.

मग वय झालं. ऑइल सील गेलं. अंगावरून तेलाचे ओघळ यायला लागले आणि त्यांच्यावर धूळ बसून मी काळाठिक्कर पडलो. स्प्रिंग बसली, तशी उंचीही गेली. टोळ मला बुटका म्हणायला लागली.

"दादा, या बुटक्यावर अजून किती शर्यती काढायच्या? उडी मारली की मणका थेट टाळूला लागतो."

"लागू दे की. टाळूखाली रिकामीच जागा आहे."

"बाबा, बघा हा!"

"भांडा, भांडा," बाबा वेल्डिंगच्या मुखवट्यामागून म्हणाले, "पण चष्मे घालून भांडा. ठिणग्या उडतायत."

आणि नवे शॉकअप आले. काय सांगू त्यांचा थाट! चकचकीत अंग, पिवळी स्प्रिंग, बाजूला गॅसची वेगळी डबी, आणि उंची माझ्याहून चांगली वीतभर जास्त. दादाने माझा बोल्ट काढला तेव्हा मी गंजाने असा घट्ट धरून होतो की त्याला पान्यावर उभं राहावं लागलं. शेवटी सुटलो. भाऊ भंगाराच्या पोत्यात गेला. मला दादाने या खिळ्यावर टांगलं. म्हणाला, "राहू दे आठवण."

आता नीट ऐका, कारण इथून पुढे हसण्यासारखं काही नाही.

या शेडची एक रीत आहे. काम झालं की गाडी बाहेर काढायच्या आधी तुळईच्या चेनपुलीला लटकवायची, चाकं हवेत सोडायची आणि प्रत्येक नळीवरून, प्रत्येक तारेवरून हात फिरवायचा. बाबांनी ती रीत कुणासाठी मोडली नव्हती. गिऱ्हाईक दारात हॉर्न वाजवत उभं असलं तरी आधी लटकवणार. पण त्या दिवशी चेनपुलीला एका ट्रकचं इंजिन टांगलेलं होतं. बाबांनीच टांगलं होतं.

"आधी लटकव," बाबा दादाला म्हणाले.

"कशाला लटकवू? तुमचं इंजिन आहे तिथे."

"मग थांबा जरा. इंजिन ठेवायचा लोखंडी पाळणा जोडून होऊ दे, मग ते उतरवतो."

"तोवर उजेड जाईल, बाबा!" टोळने हातमोजेसुद्धा चढवले होते. "उद्या शर्यत आहे. नव्या शॉकअपवर निदान चार चकरा तरी मारू द्या. बसूनच बघू ना, किती दबतात ते."

मग दादा पायदानावर चढून उड्या मारायला लागला. मग टोळ. मग बाबांनीही मुखवटा कपाळावर सरकवला, हँडलवर दोन्ही हात टेकले आणि सगळं वजन टाकून दाबलं. गाडी खाली गेली आणि लोण्यासारखी वर आली. दादाने वाकून ब्रेकची नळी पाहिली. नळीला चांगली ढील होती.

"झकास," बाबा म्हणाले.

तिथेच घात झाला, मित्रांनो. गाडी दाबली की नळी सैल पडते. ती ताणली जाते चाक लोंबतं तेव्हा, गाडी हवेत असते तेव्हा. इतकी वर्षं ती ताणली गेली नाही, कारण मी बुटका होतो. मी चाकाला फार खाली जाऊच देत नव्हतो. नवे उंच. चाक वीतभर आणखी खाली जाणार, आणि नळी मात्र तीच, माझ्या मापाची. तिघांनी जीव तोडून दाबून पाहिलं. लोंबवून कुणीच पाहिलं नाही.

मला इथून सगळं दिसत होतं. मी ओरडलो. कारखान्यात ओरडलो नव्हतो, पण त्या दिवशी ओरडलो. खिळा करकरला. टोळने वर पाहिलं आणि म्हणाली, "दादा, वारा सुटलाय बघ. पत्रे बांधून घे." आणि क्वाड बाहेर काढली.

त्या संध्याकाळच्या चकरांना टेकाड नव्हतं, मोठी उडी नव्हती. परत आली ती गाणं म्हणतच. हातमोजे फळीवर फेकले. म्हणाली, "आता बघा."

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मी स्वतः पाहिलं. तुम्ही विचाराल, बुटक्या, तू तिथे कसा? अहो, निघताना दादाने मला खिळ्यावरून काढलं आणि असू दे जवळ म्हणून व्हॅनमध्ये टाकलं. टोळ नवे हातमोजे घालून निघाली होती. शर्यतीची वाट एका टेकाडावरून जाते. वर चढ, मग मोठी उडी, आणि उतरल्या उतरल्या डावीकडे वळण. वळणावर टायरांची भिंत आणि तिच्यामागे लोखंडी खांब.

ती उडाली. चारही चाकं लोंबली. आणि मी व्हॅनमधून ऐकलं, टक्! एवढासा आवाज. शिवताना दोरा तुटावा तसा. ती खाली आली, तिने ब्रेक दाबला, आणि तिच्या मुठीत काहीच आलं नाही. मागचा ब्रेक पायाने दाबला तर गाडीने नुसती पाठ फिरवली. समोर खांब.

मग मी काय केलं? व्हॅनचं दार लाथेने उघडलं. उतारावरून गडगडत सुटलो. पंच शिट्टी वाजवतोय, लोक ओरडतायत, धरा धरा, शॉकअप सुटला! वाटेत दोन क्वाड माझ्यावरून गेल्या, मला ओरखडा नाही. शेवटच्या क्षणी मी असा काही पसरलो की खांब आणि चाक यांच्या मधोमध जाऊन बसलो, आणि सगळा दणका पोटात घेतला. खांब वाकला. गाडी थांबली. आणि टोळ उठली, मित्रांनो. उठली, हेल्मेट काढलं, कपडे झटकले, माझ्याकडे बघून हसली. "अरे बुटक्या," म्हणाली, "तू रे?" आणि तिने स्वतःच्या हाताने मला परत या खिळ्यावर मानाने टांगलं.

तेव्हापासून बाबा काहीही आलं तरी लटकवतात. चेनपुलीला आता दुसरं काही टांगू देत नाहीत. परवा एक बाई बाळाची तीनचाकी घेऊन आली होती, नुसतं पायडल वेल्ड करायला. बाबांनी ती लटकवली. प्लास्टिकच्या चाकांवरून हात फिरवत कितीतरी वेळ उभे राहिले.

बाई म्हणाली, "अहो, हिला ब्रेकच नाहीये."

"असू दे," बाबा म्हणाले. "बघू द्या मला."

आणि दादा. तो आजकाल शेडच्या आत येत नाही. दारात किल्ली ठेवतो आणि तिथूनच परत जातो. कामाचा व्याप असेल.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला माझं कळकळीचं सांगणं आहे. उद्या तुम्ही कुणाच्या तरी गाडीवर चढाल. कोणी तुम्हाला नुसतं दाबून बघेल आणि झकास म्हणेल, तर ऐकू नका. करकरा, कुरकुरा, घसरा, काय वाटेल ते करा, पण लटकवून बघितल्याशिवाय गाडी दाराबाहेर जाऊ देऊ नका. आणि ते हातमोजे जपा. टोळ येईल तेव्हा...

"आजोबा, पुरे."

शेजारच्या खिळ्यावरून आवाज आला. त्या वाकड्याचा. त्याच्या पिवळ्या स्प्रिंगचा रंग टायरांनी घासून काळा झालेला आहे, दांडा कोपरासारखा वळलेला आहे. तो बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"तुम्ही व्हॅनमध्ये नव्हता," तो म्हणाला. "मला इथून नेलं तेव्हा तुम्ही याच खिळ्यावर होता. मला आणून टांगलं तेव्हाही इथेच होता, आणि तुमच्या अंगावरची धूळसुद्धा हललेली नव्हती. खोटं कशाला सांगता या पोरांना?"

माझा खिळा करकरला.

"तिथे मी होतो, आजोबा. मी तिच्या शेजारीच पडलो होतो. ती उठली नाही."