घासलेला तवा

चाळीत चित्रकार निपजला की त्याच्या आईचे हाल कुत्रा खात नाही. बकुळाचंच बघा. नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली महिनाअखेर रिकामी करून टॉवरमध्ये जायचं होतं, आणि तिच्या पोराने, संघर्षने, ऐन घाईत निम्मी खोली अडवून ठेवली होती. स्टुलावर तवा, चहाचं पातेलं, वाकडी सांडशी, कान तुटलेला कप. समोर कॅनव्हास. खोली सोडायच्या आत हे चित्र पुरं करायचं, म्हणे.

"मग प्रदर्शनात लागेल," संघर्ष म्हणाला.

"म्हणजे लोक बघणार?"

"बघायलाच तर येतात!" म्हणत तो रंग आणायला गेला.

बकुळाने स्टुलावरच्या काळ्याकुट्ट तव्याकडे बघितलं. लग्न होऊन आली तेव्हाच सासूने बजावलं होतं, "आपल्याला नावं ठेवायला जग टपलेलं असतं, पोरी. भांडं असं घास, की बघणाऱ्याला त्यात स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे." तेव्हापासून फळीवरचे डबे लखलखीत आणि काळी भांडी पलंगाखाली. दार दिवसभर सताड उघडं, पण पलंगाखालचं कधी कुणाला दिसलं नव्हतं. आणि आता पोटचं पोर तेच चव्हाट्यावर मांडणार! तिने पदर खोचला. तव्यावरचा थर सुरीने खरवडून काढला, घासणीने हात दुखेस्तोवर घासला, आणि सगळी भांडी स्टुलावर ओळीत लावून ठेवली.

संघर्ष आला, बघितलं आणि आणलेले रंग न उघडताच खाली ठेवले. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तेव्हा कुठे बकुळाने चित्राकडे नीट पाहिलं. सगळंच विचित्र. कप वरून दिसत होता, पातेलं बाजूने, सांडशी तर अधांतरीच. मधला तवा अर्धाच झाला होता, पण त्या काळ्यात तपकिरी होता, जांभळा होता, कडेला विटकरी.

"एवढे रंग कुठनं आणलेस रे?"

"तव्यातच होते, आई."

बकुळाला भडभडून आलं. जे तिने जन्मभर लपवलं, ते पोरगं इतक्या मायेने बघत बसलं होतं. तिला लाज वाटली, आणि ती तव्याची नव्हती.

तिने तवा गॅसवर चढवला, तेल ओतलं आणि जळू दिलं. शेजारची प्रिती धावत आली.

"काकू, करपतंय काहीतरी!"

"करपू दे. पोराला पाहिजे."

"मग दार तरी लावा. सगळ्या गॅलरीला दिसतंय."

"दिसू दे."

संध्याकाळी संघर्षने तवा उलटसुलट करून बघितला. "पहिल्यासारखा नाही झाला."

"कसा होईल? त्याला माझा अख्खा संसार लागलाय." बकुळाने पिठाचा डबा पुढे ओढला. "मी भाकऱ्या टाकते. महिनाअखेरपर्यंत होईल तेवढा होईल."

संघर्षने कॅनव्हास उचलला आणि ओट्याजवळ आणून ठेवला. बकुळा थोडी बाजूला सरकली, त्याला तवा दिसावा म्हणून.