तांबट आळीतली आखणी

हलक्या रेल्वेची रेघ नकाशावर मारली गेली, त्याच सकाळी ती आमच्या घरातूनही गेली. पुढच्या दारातून आली, माझ्या शिलाईच्या टेबलावरून उतरली, खाटेवर चढली, तिथे झोपलेल्या माझ्या भावाच्या, दिगंबरच्या छातीवरून आडवी गेली आणि मागच्या भिंतीतून बाहेर पडली. तांबडी होती, बोटभर रुंद. मी ओल्या फडक्याने पुसून पाहिली. ती फिकी झाली नाही.

"अक्का, उठता येत नाहीये," दिगू म्हणाला.

"दुखतंय?"

"नाही. नुसतं उठता येत नाही."

मी त्याचा हात धरून ओढला. हात आला, दिगू आला नाही. टेबलावरची कात्री रेघेत सापडली होती, तीही उचलेना. बाहेर गौसभाई बागवान आपल्या हातगाडीपाशी उभे होते. रेघ गाडीवरून गेली होती. गिऱ्हाइकं पपईला हात घालत, पपई जागची हलत नसे, गिऱ्हाईक पुढे जाई.

"आरक्षण पडलंय म्हणतात," गौसभाई म्हणाले. "माझ्यावर नाही पडलं. मालावर पडलं."

मी आत येऊन दिगूला सांगितलं. त्याला वाईट वाटलं नाही. ही रेल्वे व्हावी असं त्याला फार दिवसांपासून वाटत होतं. डायलिसिस करून रिक्षाने परत येताना प्रत्येक खड्ड्याला तो डोळे मिटून घेई, आणि घरी पोचला की आधी मोरीत जाऊन ओकत असे. रेल्वे आली तर आपलं शिलाईचं दुकान जाईल, वरची खोली जाईल, असं मी म्हणायचे. मग जेवताना तो विषय काढायचा नाही असं आमचं ठरलं होतं.

"म्हणजे दारातून थेट दवाखान्यापर्यंत," तो आढ्याकडे पाहत म्हणाला.

"उद्या डायलिसिस आहे तुझं."

"हो. तोवर गाडी सुरू व्हायला हवी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची पावलं सुजलेली होती. जनसुनावणी त्याच दिवशी होती. गौसभाईंच्या मुलीला, शमीमला, त्याच्याजवळ बसवून मी नाट्यगृहात गेले.

रंगमंचावर पडद्याच्या जागी शहराचा नकाशा लावला होता. त्यापुढे शिडीवर अभियंता देवकुळे उभे होते, एका हातात तांबडी पेन्सिल, दुसऱ्यात खोडरबर. बोलणं अतिशय सभ्य.

"ज्यांची हरकत आहे त्यांनी माइकवर यावं," ते म्हणाले. "ज्यांचा पाठिंबा आहे त्यांनीही यावं. रेघ ज्यावरून जाते ते जागचं हलत नाही, याची कृपया नोंद घ्यावी. हललं तर आखणी बिघडते."

एका कापड दुकानदाराने सांगितलं की बाजारपेठेतून रूळ गेले तर धंदा बसेल. टाळ्या पडल्या. देवकुळ्यांनी बाजारपेठेतली रेघ खोडली आणि शाळेच्या मैदानातून नेली. लगेच एका बाईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं आणि उठून म्हणाल्या, "मैदानावर कवायत चालली होती. अख्खी ओळ उभीच राहिली आहे. माझी हरकत आहे." देवकुळ्यांनी मैदानातली रेघ खोडली.

एक निवृत्त प्राध्यापक बाजूने बोलले. शहरात श्वास घेता येत नाही, दर घरात दोन गाड्या झाल्यात, पुढची पिढी आपल्याला विचारेल. ते बरंच बोलले आणि बरोबर बोलले. शेवटी म्हणाले, "फक्त आमच्या सोसायटीकडून नको, तिथे झाडं आहेत." देवकुळ्यांनी मान डोलावली आणि तिथेही खोडरबर फिरवला.

खोडलेली प्रत्येक जागा नकाशावर पांढरी राहत होती आणि हरकत मागे घेतल्याशिवाय तिच्यावरून रेघ पुन्हा नेता येत नव्हती. दुपारपर्यंत शहर बरंचसं पांढरं झालं.

माझी पाळी आली.

"इंदुमती करडे, तांबट आळी," मी म्हणाले. "माझी हरकत आहे. माझा भाऊ अडकलाय."

"त्यांचीही हरकत आहे का?" देवकुळ्यांनी विचारलं.

मी माइक जवळ ओढून घेतला. मग म्हणाले, "आहे."

खोडरबर फिरला. आमची आळी पांढरी झाली. थोड्या वेळाने शमीमचा फोन आला. ती म्हणाली, "दिगूभाऊ उठले. तोंडसुद्धा धुतलं. दवाखान्यात जातो म्हणाले, रिक्षात बसवून दिलं." मी खुर्चीवर बसले. मला भूक लागली होती.

माझ्यानंतर प्रणिता साळवे नावाची बाई आली. पांढरा गणवेश होता. दिगू जातो त्याच दवाखान्यात परिचारिका होती.

"मी धरणाच्या पलीकडून येते," ती म्हणाली. "दोन बस बदलते. निघते तेव्हा मुलगी झोपलेली असते, पोचते तेव्हाही झोपलेली असते. रेल्वे झाली तर ती मला जागी दिसेल. माझी हरकत नाही."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

देवकुळ्यांनी नकाशावर पाहिलं. पांढऱ्यातून एकच वाट उरली होती. ती त्यांनी तांबडी केली. नाट्यगृहाच्या दारातून रेघ आत आली, खुर्च्यांच्या मधून उतरली, प्रणिताच्या पावलांवरून गेली आणि रंगमंचाखाली शिरली. लोकांनी पाय वर घेतले.

"मला ड्यूटीवर जायचंय, अर्ध्या दिवसाचीच रजा आहे," प्रणिता म्हणाली.

"आपण हरकत घेऊ शकता," देवकुळे म्हणाले. "मग मात्र रेल्वेला वाट राहणार नाही. प्रकल्प मागे घेतला जाईल."

सभागृहातल्या कोणी तिला हरकत घे म्हटलं नाही. घेऊ नको असंही म्हटलं नाही. तिने माइकचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि ती तशीच उभी राहिली. कोणीतरी तिला बसायला खुर्ची आणून दिली, पण तिला गुडघे वाकवता येईनात. पुढच्या रांगेतले लोक हळूहळू मागच्या रांगांत येऊन बसू लागले. मीही खुर्ची मागे सरकवली. माझ्या पाठीला भिंत लागली.

तेव्हा दारातून दिगू आत आला. चपला हातात होत्या, सुजलेल्या पायांत बसल्या नसाव्यात.

"दवाखान्यात गेला नाहीस?" मी विचारलं.

"त्या वॉर्डात आज सिस्टर अजून आली नाही म्हणाले. बाहेर बसलो होतो, तर माणसं म्हणाली ती इथे आहे." त्याने प्रणिताकडे पाहिलं. प्रणिता दर खेपेला त्याच्या हाताला सुई लावायची, हे मला तेव्हा कळलं. "अक्का, माझी हरकत आहे असं तू सांगितलंस?"

"हो."

"मला विचारायला हवं होतंस."

"तू हलत नव्हतास, दिगू."

तो माइककडे चालू लागला. मी त्याचा सदरा धरला. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली, लहानपणी पतंगाच्या दोऱ्याचा गुंता सोडवायचा तशी.

"दिगंबर करडे," तो प्रणिताशेजारी उभा राहून म्हणाला. "माझ्या नावाने घेतलेली हरकत मागे घेतो. यांना जाऊ द्या."

देवकुळ्यांनी शिडी सरकवली. खोडरबराचा आवाज आला, प्रणिताच्या पावलांवरचा तुकडा पुसला गेला. प्रणिताने एक पाय उचलून पाहिला, मग दुसरा, आणि ती घड्याळाकडे पाहत धावतच बाहेर गेली. जमिनीवरची उरलेली रेघ मोकळी झाली. तिचं टोक थोडं इकडे, थोडं तिकडे वळलं आणि खुर्च्यांखालून सावकाश पुढे येऊ लागलं. लोक भिंतींना चिकटले होते. दिगू एकटा मधोमध उभा होता. तो बाजूला झाला नाही. ती जवळ आली तेव्हा थांब्यावर बस थांबवायला करतात तसा त्याने हात पुढे केला.